रायपूरचं धान आणि मागाहून पोचणाऱ्या नोंदी

रेशनच्या संगणकीकरणाची गोष्ट हल्ली दुकानातल्या यंत्रापासून सांगितली जाते. रायपूरचा दाखला उलटा आहे. छत्तीसगडने २००७-०८ मध्ये संगणक बसवला तो धान खरेदी केंद्रांवर आणि गोदामांत. कार्डधारकाला त्याचं दर्शनही झालं नाही. एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) रायपूर केंद्राने बांधलेल्या या व्यवस्थेत सोसायटीच्या काट्यावर वजन झालं की तिथल्याच संगणकात नोंद होई आणि शेतकऱ्याला छापील धनादेश मिळे. त्या घडीला सर्व्हरशी जोडणी असायलाच हवी, अशी अट नव्हती. नोंदी मागाहून वर जात. जिथे लाइनच नव्हती, तिथून मोटरसायकलवरून पेनड्राइव्ह रवाना होई. रेशन दुकानांचा मासिक कोटाही कार्डांची संख्या आणि शिल्लक साठा धरून संगणकच काढी. माझ्या मते खरी करामत इथे आहे: हिशेबाचं काम ठरल्या वेळी होत राहिलं आणि त्यापायी काट्यापाशी कुणी ताटकळलं नाही. १९७९ च्या युनिक्स या संगणकप्रणालीत ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्राम हेच करत होता. ‘० २ १ * *’ असं लिहून पुढे आज्ञा दिली की दर महिन्याच्या एक तारखेला रात्री दोन वाजता ते काम आपोआप सुरू होई, पडद्यासमोर बसलेल्याला न उठवता.

यावर आक्षेप असा की श्रेय संगणकाचं नाहीच. २००४ च्या आदेशाने दुकानं खासगी दुकानदारांकडून काढून पंचायती, सोसायट्या आणि बचत गटांकडे दिली गेली. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांच्या अभ्यासानुसार २००४-०५ मध्ये निम्म्याच्या आसपास असलेली धान्यगळती २००९-१० मध्ये दहा टक्क्यांवर आली. त्यात संगणकाचा वाटा वेगळा काढता येत नाही, हे मान्य. २०१५ मध्ये नागरी पुरवठा निगमावर, म्हणजे ‘नान’वर, छापे पडले आणि लाचखोरीचे आरोप झाले, तेव्हा सर्व्हर चालूच होते. पण माझा मुद्दा चोरी थांबण्याचा नाही, खोळंबा टळण्याचा आहे. २०१२ मध्ये रायपूर शहरात ‘कोअर पीडीएस’ आलं, म्हणजे दुकानातल्या यंत्रावर त्याच क्षणी ऑनलाइन नोंद होणारी रेशनव्यवस्था. कार्डधारकाला दुकान निवडता येऊ लागलं, दुकानदाराची मक्तेदारी ढिली झाली. हा फायदा मोठाच. त्याबदल्यात मागे चालणारी नोंद पुढे, गिऱ्हाइकाच्या देखत आली आणि रेंज मिळेपर्यंत थांबणं त्याच्या वाट्याला आलं. चार दुकानं जवळ असलेल्या शहरात हा सौदा परवडतो. गावात एकच दुकान आणि टॉवर डोंगरापलीकडे असेल, तिथे निवड नावापुरती उरते, थांबणं मात्र पुरेपूर.