इंजिनाची कुरकुर आणि मिस्त्रीचा कान

मोटार बिघडली की पहिला प्रश्न पडतो, हे आपण निस्तरायचं की मिस्त्रीकडे न्यायचं? हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्या मोटारीनं मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभरावर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. साखळीनं दगा दिला तेव्हा मात्र बाईंनी सरळ लोहार गाठला. पिन कुठवर चालते आणि लोहार कुठून लागतो, हे त्यांना बरोबर उमगलं होतं.

आपल्याकडे निजामाच्या राज्यात १९३२ मध्ये रेल्वेच्या खात्यानं २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. मोटारीबरोबर तिची विद्याही आली, पण ती पुस्तकातून आली नाही. आमच्या जळकोट-उदगीर भागात ती उस्तादाच्या हाताखाली शिकायची. पोरगं आधी रॉकेलमध्ये पाने धुणार, मग चहा आणणार आणि मधल्या वेळात कान तयार करणार.

हा कान तयार केला तो फियाटसारख्या गाड्यांनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये त्या तयार होत. पुढे हीच गाडी ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. कार्बोरेटरची ही गाडी मोडण्याआधी बराच काळ कुरकुरायची.

त्या कुरकुरीची भाषा अशी. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जळतंय. एअर फिल्टर साफ करून पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिनाच्या पोटातलं ऑइल जळतंय, रिंगा किंवा बोअर झिजले असतील. हे घरी होण्यातलं काम नव्हे. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ दिसली तर घाबरू नये, पण इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला तर पाणी आत शिरतंय. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा थर दिसला तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. (फक्त जवळ फिरणाऱ्या गाडीत असा थर नुसत्या दमटपणानंही धरतो, म्हणून उगाच इंजिन उघडू देऊ नये.) आणि वेग वाढवला की खालून ठोकठोक आवाज येत असेल तर बेअरिंग वाजतंय. तिथं पुढचा एक किलोमीटरही महागात पडतो.

चार सिलिंडरपैकी एक चुकायला लागला, म्हणजे गाडी ‘मिसिंग’ मारू लागली, की मला वजनात न बसणारा मिसरा आठवतो. मात्रा कुठं पडली ते सांगता येत नाही, पण ठेच लागते. शायराचा आणि मिस्त्रीचा कान इथं एकाच जातीचा.

पुढे इंजेक्शनची इंजिनं आली आणि कुरकुर संगणकाकडे गेली. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला स्वतःचा बिघाड नोंदवणारी प्रमाणित यंत्रणा सक्तीची झाली. भारतात ती २०१० नंतर टप्प्याटप्प्यानं आली. आता समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो स्थिर असेल तर गाडी जपून चालवत गॅरेजला न्यावी. लुकलुकत असेल तर सिलिंडर जोरात चुकतोय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतंय, गाडी थांबवावी. ऑइलच्या चंबूचा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद करायचं.

हा दिवा मला पुरता पटलेला नाही. यंत्र लावलं की तो एक क्रमांक देतो. क्रमांक कुठं शोधायचं ते सांगतो, काय मोडलं ते नाही. तरुण मिस्त्री क्रमांक वाचून थेट सेन्सर बदलतात, गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि दिवा आठवड्यानं पुन्हा लागतो. जुना उस्ताद आधी बॉनेट उघडून कान देई, मग वायर हलवून बघे.

आणि गाडी तापून वाफ निघाली तर? आमच्याकडचे मिस्त्री दखनीत म्हणतात, ‘पयले बंद कर, फिर पूछ.’ रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर उडतं. निवल्यावर पाणी घालून पुन्हा काटा चढत असेल, तर जळकोटहून उदगीर गाठण्याचा हट्ट सोडावा आणि गाडी ओढून न्यावी. ओढण्याचं भाडं टोचतं खरं, पण तापून वाकलेलं हेड सरळ करून घेण्यापेक्षा ते कमीच असतं.