रक्तातील प्राणवायूचे मापन : दृष्टी आणि यंत्र

रक्तात प्राणवायू कमी पडला की रुग्णाचे ओठ व नखे निळसर दिसतात, या खुणेवर वैद्यकाने दीर्घकाळ भिस्त ठेवली. १९४७ मध्ये कॉम्रो व बोटेल्हो यांनी ती कसोटीस लावली. धमनीरक्ताची प्राणवायू-संपृक्तता सुमारे ८० टक्क्यांपर्यंत उतरल्याखेरीज बहुतेक निरीक्षकांना निश्चित नीलिमा ओळखता येत नाही, असे त्यांना आढळले. दृष्टीला यंत्राची जोड देणे अपरिहार्य ठरले.

१९७४ मध्ये जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी नाडीबरोबर बदलणारे प्रकाशशोषण तेवढे धमनीरक्ताचे मानून, त्वचा व ऊतकांचा स्थिर वाटा गणितातून वगळण्याची पद्धती मांडली. पल्स ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो.

तथापि त्वचेचा वर्ण गणितातून पुरता वगळला गेला नव्हता. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्राने ९२ ते ९६ टक्के दाखविले असताही धमनीरक्तात प्रत्यक्ष संपृक्तता ८८ टक्क्यांहून कमी असल्याचे कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के, तर श्वेतवर्णीयांच्या ३.६ टक्के मापनांत दिसून आले.

म्हणून रुग्णाची लक्षणे यंत्रावरील आकड्याशी जुळत नसतील, तेव्हा धमनीरक्ताची प्रत्यक्ष तपासणी करणे हेच शास्त्रास धरून होय.