शेरेबुक आणि तिथे राहणारा माणूस



आपल्या जुन्या मराठी घरांत एक काळजी असते. ती चारचौघांत कोणी बोलून दाखवत नाही. घरात एखादा भाऊ, आत्या किंवा मुलगा असा असतो की ऐन तारुण्यात त्याचे मन आजारी पडले आणि पुढे तो पूर्णपणे सावरला नाही. आईवडील आहेत तोवर त्याचे निभते. भावंडे नोकरीनिमित्त नागपूर, पुणे, रायपूरला गेलेली असतात. मग पुढे काय? आता मोठ्या शहरांत अशा माणसांना दरमहा पैसे घेऊन सांभाळणारी निवासस्थाने आहेत. तिथे चौकशी करून आलेले लोक दवाखान्यात विचारतात, "डॉक्टरसाहेब, जागा चांगली आहे हे ओळखायचे कसे?"

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. आपल्या देशात तो सरकारी कागदावर येऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. त्याची उत्तरे कशी बदलत गेली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

१८५८ मध्ये ब्रिटिश सरकारने वेड्यांच्या इस्पितळांसाठी कायदा केला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, १८६४ मध्ये नागपूरला आणि त्यानंतर लवकरच जबलपूरला असे इस्पितळ उघडले. आपला बालाघाट जिल्हा १८६७ चा, म्हणजे या पागलखान्यांहून धाकटा. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा दांडगाई करणाऱ्या वेड्याला पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यायचा, अशी रीत होती. तेव्हाच्या वार्षिक अहवालांत वर्षभरात किती आले, किती बरे होऊन गेले, किती मेले, माणशी खर्च किती झाला आणि त्यांच्या हातच्या कामातून उत्पन्न किती निघाले, याचे तक्ते असत. त्या काळी देखभालीचे मोजमाप म्हणजे हे तक्ते.

तरीही त्या कायद्यात एक चांगली गोष्ट होती. प्रत्येक इस्पितळासाठी सरकारने व्हिजिटर, म्हणजे पाहणी करणारे सभासद, नेमायचे होते. १९१२ च्या कायद्याने हे अधिक नेमके केले. निदान तीन व्हिजिटर असावेत, त्यांत एक तरी डॉक्टर हवा. दोघा किंवा अधिक व्हिजिटरांनी महिन्यातून एकदा तरी मिळून इस्पितळाचा प्रत्येक भाग पाहावा, शक्य तितक्या प्रत्येक रुग्णाला भेटावे आणि आपला शेरा त्यासाठी ठेवलेल्या वहीत लिहावा. डॉक्टर वगळता बाकीच्यांत गावातला प्रतिष्ठित नागरिकही असू शकत होता. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. तुरुंगांचे इन्स्पेक्टर जनरल हे पदसिद्ध व्हिजिटर असत. ज्या खात्याचा प्रमुख कैद्यांची हजेरी तपासत असे, त्याच्याकडेच रुग्णांची पाहणीही होती. कुलूप शाबूत आहे, डोकी मोजली आहेत, भिंती चुन्याने रंगवल्या आहेत, एवढे पाहून शेरा लिहिला की पाहणी पुरी झाली असे मानायला मग वाव राहिला.

या पद्धतीचे फळ काय आले ते १९४६ मध्ये दिसले. भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातील १९ मनोरुग्णालये पाहिली. बहुतेक ठिकाणी इमारती जुन्या असून त्या माणसाला सांभाळून ठेवण्यासाठी, म्हणजे कोंडण्यासाठी बांधल्या आहेत, उपचाराचा विचार त्यांत नाही, असे त्यांनी नोंदवले. इतकी वर्षे शेरेबुके भरत होती आणि मूळ गोष्ट मात्र जिथल्या तिथे होती.

पुढे स्वातंत्र्य आले, पागलखान्याचे मनोरुग्णालय झाले. १९१२ चा कायदा मात्र जवळजवळ ८० वर्षे चालू राहिला. १९८७ चा नवा कायदा १९९३ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आणि घटनाबाह्य आहे. म्हणजे तोवर तसे ठेवले जात होते.

१९९९ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने बंगळूरच्या निमहान्स संस्थेसह ३७ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्या नावातच 'गुणवत्ता' हा शब्द होता. खाटा, शौचालये, कर्मचारी यांबरोबर पाहणी करणाऱ्यांनी तिथली भाषाही टिपली. रुग्णाला कैद्यासारखे 'इनमेट' म्हणत, दिवसभर त्यांच्याजवळ असणाऱ्याला 'वॉर्डर' आणि त्याच्या वरच्याला 'ओव्हरसीअर'. मला ही नोंद फार मोलाची वाटते. जागेची तपासणी करताना भिंतींआधी तिथली बोली ऐकावी, ही गोष्ट आपण साहित्यप्रेमी मंडळी चटकन समजू शकतो.

यानंतर दोनच वर्षांनी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २५ हून अधिक रुग्ण पळू न शकल्याने जळून गेले. त्यांच्या घरच्यांनीच त्यांना तिथे आणून ठेवले होते. त्यात निर्दयता होती असे मी म्हणणार नाही. असहायता होती, आणि जागा पारखण्याची कोणतीही सोय त्यांच्या हाती नव्हती. आज दवाखान्यात विचारला जाणारा प्रश्न त्यांनाही पडला असेल. तो कोणाला विचारावा हे त्यांना ठाऊक नव्हते.

मोजमापात खरा पालट झाला तो यानंतर. भारताने २००७ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्याच्या १९ व्या कलमात समाजात राहण्याचा, कुठे व कोणाबरोबर राहायचे हे ठरवण्याचा हक्क आहे. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'क्वालिटी राइट्स' ही तपासणीची पद्धत तयार केली. राहणीमान, आरोग्य, स्वतःचे निर्णय घेण्याचा अधिकार, जबरदस्ती व छळ यांपासून मुक्तता आणि समाजात स्वतंत्र राहण्याची संधी, असे तिचे पाच विषय. तपासणाऱ्यांत स्वतः असा आजार भोगलेली माणसेही असावीत, असे ती सांगते. गुजरातेत २०१४ पासून ही पद्धत सरकारी रुग्णालयांत वापरली गेली, आणि त्या कामात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचा मोठा वाटा होता.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हाच विचार कलमांत आणला. घर नाही किंवा घरचे घेत नाहीत, एवढ्यावरून कोणाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. सरकारने त्याच्यासाठी वस्तीतली निवासस्थाने उभारायची आहेत. रुग्णाला स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत, बळजबरीने डोके भादरता कामा नये, केलेल्या कामाचा मोबदला मिळाला पाहिजे. नोंदणी झालेल्या प्रत्येक संस्थेची दर तीन वर्षांनी तपासणी व्हायची आहे आणि तीत स्थानिक समाजाचे प्रतिनिधीही घ्यायचे आहेत. १८५८ चा व्हिजिटर असा परत आला, यावेळी तुरुंगाच्या साहेबाशिवाय.

पण कायदा झाला म्हणून घरे झाली नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत ४३ सरकारी मनोरुग्णालयांतील एक तृतीयांशाहून अधिक माणसे वर्षापेक्षा जास्त काळ तिथेच राहत असल्याचे आढळले. यांना औषधापेक्षा घराची गरज आहे. चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेने २०१५ पासून 'होम अगेन' हा उपक्रम चालवला आहे. साध्या वस्तीत भाड्याचे घर, त्यात चार-पाच जण, आणि मदतीला एखादी कार्यकर्ती. भाजी कोणती करायची हे राहणारे ठरवतात. मात्र घर छोटे असले म्हणजे ते चांगलेच असते असे नाही. चार खोल्यांतही पागलखाना वसवता येतो. म्हणून पारख सुटत नाही.

होमिओपॅथीच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट पहिल्यापासून शिकवतात. हानेमान यांनी ऑर्गेनॉनच्या ८४ व्या सूत्रात सांगितले आहे की रुग्णाला मध्येच न तोडता बोलू द्यावे आणि तो म्हणेल ते लिहावे. याच हानेमान यांनी १७९२ मध्ये जर्मनीतील गेओर्गेनथाल येथे क्लोकेनब्रिंग नावाच्या वेड लागलेल्या अधिकाऱ्याला मारहाणीशिवाय, बांधून न ठेवता सांभाळले होते. आमच्या जैन परंपरेत आभ्यंतर तपांत 'वैयावृत्त्य' आहे, म्हणजे आजारी, थकलेल्यांची सेवा. तत्त्वार्थसूत्रातल्या क्रमात त्याच्या लगेच आधी 'विनय' येतो. आदर नसेल तर सेवेचाही तुरुंग होतो, असा अर्थ मी त्या क्रमातून घेतो.

म्हणून विचारणाऱ्यांना मी पाच गोष्टी पाहायला सांगतो. न कळवता गेलात तर आत घेतात का? तिथला माणूस अंगावर कोणाचे कपडे घालतो? त्याच्या खिशात चार पैसे असतात का? घरी फोन करायला त्याला परवानगी मागावी लागते का? आणि तक्रार केली तर ती कोण ऐकते, ज्याच्याविरुद्ध आहे तोच का? ही उत्तरे मॅनेजरकडून घेऊ नका. तिथे राहणाऱ्यापाशी बसा आणि त्याला बोलू द्या. वेळ लागेल. तो अडखळेल, विषय सोडून बोलेल, तरी ऐका.

पहिल्या भेटीनंतरही हे चालू ठेवावे लागते. कायद्याने महिन्याची भेट सांगितली होती ती उगाच नव्हे. भाऊ दूर ठेवला म्हणून आपले नाते शेरेबुकातून वजा होत नाही. आपले मंडळ दरवर्षी व्याख्यानमाला भरवते. आपल्यातील चार-पाच जणांनी अशा निवासस्थानांतल्या आपल्या माणसांना आळीपाळीने भेटायचे ठरवले, तर त्यासाठी कुठल्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. कायद्यात ही जागा १८५८ पासून आहे. ती भरायला आपल्यातून माणसे हवी आहेत.