महाडचें तळें आणि ठाण्याचें न्यायासन

ठाणें हें तळ्यांचें गांव. नौपाड्यांतून मासुंद्याच्या काठीं फिरावयास येणाऱ्याला त्याची जात कोणी विचारीत नाहीं. परंतु महाडच्या एका तळ्याविषयींचा, जातीवरूनच उत्पन्न झालेला दावा अपिलांत याच गांवीं चालला होता, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलानें १९२३ सालीं मंजूर केला. पुढील वर्षीं महाड नगरपालिकेनें चवदार तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. हक्क कागदावर आला. ओंजळींत पाणी आलें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्याच दिवशीं त्यांच्या लोकांवर हल्ला झाला, मागाहून तळ्याची 'शुद्धि' झाली, आणि नगरपालिकेनेंहि आपला ठराव फिरविला. डिसेंबरांत पुन्हा सत्याग्रह व्हावयाचा, तोंच स्पृश्य मंडळींनीं दिवाणी दावा लावून मनाई-हुकूम मिळविला. आंबेडकरांनीं तो पाळला. अनुयायांस हें कडू गेलें असेल. पण बॅरिस्टराला कोर्टाची लढाई कोर्टांतच जिंकावयाची होती.

अस्पृश्यांस वर्ज्य करण्याची वहिवाट अनादि आहे, असें वादींचें म्हणणें. महाडच्या कोर्टानें १९३१ सालीं दावा काढून टाकला. ठाण्याच्या असिस्टंट जज्जांनीं १९३३ सालीं तोच निकाल कायम केला. आणि १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया यांनींहि वादींचें अपील फेटाळलें.

हा विजय नेमका कशाचा होता? अमेरिकेंत ड्रेड स्कॉट नांवाच्या गुलामानें स्वातंत्र्यासाठीं दावा केला, तेव्हां १८५७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें उघड सांगितलें कीं, आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांचे वंशज नागरिक होऊंच शकत नाहींत. मुंबईच्या निकालांत तसला तिरस्कार नाहीं. पण अस्पृश्य हे बरोबरीचे नागरिक आहेत, असेंहि वाक्य त्यांत सांपडत नाहीं. वहिवाट अनादि असल्याचें शाबीत झालें नाहीं, इतकेंच. तें शाबीत झालें असतें तर ती वहिवाट गैरवाजवी किंवा लोकहितविरोधी आहे काय, याचा विचार कदाचित् करावा लागला असता, असें म्हणून न्यायमूर्तींनीं त्यावर मत दिलें नाहीं.

तो प्रश्न तेरा वर्षें तसाच राहिला. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदांत विहिरी, तळीं व स्नानाचे घाट यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. मसुदासमितीच्या अध्यक्षस्थानीं महाडच्या दाव्यांतील प्रतिवादीच होते.