वळिवड्याहून गेलेली पत्रे

आपल्या नाशिकरोडचा तिकिटांचा सरकारी छापखाना १९२५ सालचा. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावातून जी पत्रे तिकीट लावून परदेशी गेली, त्यांवरची तिकिटे इथलीच छापलेली.

लिहिणारे होते पोलंडचे निर्वासित. सुमारे पाच हजार. बहुतेक बाया, मुले आणि म्हातारी माणसे. १९३९ साली जर्मनी आणि रशियाने पोलंड वाटून घेतला. पुढच्या दोन वर्षांत रशियाने पूर्वेकडील हजारो कुटुंबे मालगाडीच्या डब्यांत भरून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. थंडीने, उपासमारीने पुष्कळ गेली. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा यांची सुटका झाली. पुरुष पोलिश सैन्यात भरती झाले. बायकामुले इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ पासून वळिवड्याला त्यांचे गावच वसले. शाळा, दवाखाना, देऊळ, नाटकगृह, सगळे होते.

पण पत्र लिहायचे कुठे? घर जर्मनांच्या ताब्यात. तिकडे साधे टपाल जात नव्हते. उरली लष्करी छावणी. घरधनी वा थोरला मुलगा आधी मध्यपूर्वेत, मग इटलीत लढत होता. मे १९४४ मध्ये माँते कासिनोची टेकडी पोलिश शिपायांनी सर केली, त्यात शेकडो पडले. त्या दिवसांत वळिवड्यात टपालाची वाट कशी पाहिली गेली असेल, हे ज्यांच्या घरचा माणूस फौजेत आहे त्यांना सांगायला नको.

गुरुजींनी इथे युरोपचा नकाशा काढावा. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडचा पूर्वभाग रशियाकडे ठेवला. आज तो युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहे. म्हणजे बघा, जिंकणाऱ्यांच्या बाजूने लढूनही यांतल्या पुष्कळांचे घर गेले! याला न्याय कसे म्हणावे, मला तरी समजत नाही. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, काही पोलंडला गेले. त्या जागी फाळणीत उखडलेले सिंधी बांधव राहिले. तेच आजचे गांधीनगर.

गेलेल्या मुलखातले मोठे शहर ल्विव. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा याच शहराच्या स्टेशनातून लाखो बायकामुले पोलंडकडे निघाली. तिथे शिकणारी आपली मराठी मुलेही त्या गर्दीत होती. पोलंडच्या लोकांनी निर्वासितांना आपल्या घरांत जागा दिली. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना मात्र तेव्हा देश सोडायला मनाई झाली होती. त्यांना स्टेशनावरूनच परतावे लागले.