ट्यूनिंग केलेली टर्बो गाडी आणि ई-20 पेट्रोल : काय तपासायचं, काय टाळायचं

कराड : कृष्णाकाठच्या उसाची आता नुसती साखर होत नाही. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, साखराळेचा राजारामबापू पाटील अशा कारखान्यांच्या डिस्टिलरीत इथेनॉल तयार होतं. तेल कंपन्या ते विकत घेऊन पेट्रोलमध्ये मिसळतात. त्यामुळे सातारा-सांगलीत ई-20 हा विषय उसाच्या बिलाशीही जोडलेला आहे आणि गाडीच्या टाकीशीही. साध्या गाडीला बहुतेक वेळा मायलेजचा फटका बसतो. रिमॅप करून बूस्ट वाढवलेल्या टर्बो गाडीत मात्र चूक थेट पिस्टनवर येते.

प्रमाण कसं वाढलं

देशात पेट्रोलमधलं इथेनॉल 2019-20 च्या हंगामात साधारण 5 टक्के होतं. 2022 मध्ये ते 10 टक्क्यांवर गेलं आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर. म्हणजे 2020 च्या आसपास ट्यूनिंग केलेल्या गाडीचा मॅप आजच्या पेट्रोलसाठी बनवलेलाच नाही.

फायदा काय

टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. दाबलेली हवा तापते आणि मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागतं, त्यालाच नॉकिंग म्हणतात. भर उन्हाळ्यात, माणसं भरून यवतेश्वर घाट चढताना हा धोका जास्त. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो. साधं पेट्रोल 91 ऑक्टेनचं, तर ई-20 किमान 95 चं. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडरमधलं मिश्रण थंड राहतं. या दोन्ही गोष्टी टर्बोच्या फायद्याच्या आहेत.

अडचण कुठं

1 किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलला 9 किलो पुरते. ई-20 चा हिशेब 13.5 च्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे 9 टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. कंपनीच्या सेटिंगमधली गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीनं हे बऱ्यापैकी सांभाळून घेते. रिमॅप केलेल्या गाडीत इंजेक्टर आणि इंधन पंप आधीच शेवटच्या टोकाला चाललेले असू शकतात. पूर्ण ॲक्सिलेटर दाबल्यावर जास्तीचं इंधन मिळालं नाही, तर मिश्रण ‘लीन’ होतं, उष्णता वाढते आणि पिस्टन, व्हॉल्व्ह, टर्बो यांना मार बसतो.

काय तपासायचं

- ओबीडी स्कॅनर लावून ‘फ्युएल ट्रिम’ बघा. आकडा सतत अधिक 10 च्या वर राहत असेल तर गाडी इंधनाला कमी पडते आहे.
- ट्यूनरला विचारा, मॅप किती टक्के इथेनॉलवर केलाय. ई-20 साठी नसेल तर नवा करून घ्या, नाहीतर कंपनीचा मूळ मॅप परत टाका. तोवर पूर्ण बूस्ट वापरू नका.
- जुन्या गाडीचे रबरी पाइप, सील बघून घ्या. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून इंधन फिल्टर लवकर बदला.
- इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. पाणी जास्त झालं तर इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाला बसतो.

इथेनॉल किती आहे हे ढोबळ कळायला काचेच्या मोजपात्रात 10 मिली पाणी आणि 50 मिली पेट्रोल घालून हलवा आणि स्थिर होऊ द्या. ई-20 असेल तर खालचा थर 20 मिलीच्या आसपास दिसतो. हे उघड्यावर, विस्तवापासून लांब करा. ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

काय टाळायचं

प्रीमियम पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं, असं धरून चालू नका, पंपावर विचारा. परदेशातले व्हिडिओ बघून ई-85 चा नाद करू नका. त्याला मोठे इंजेक्टर, पंप आणि वेगळा मॅप लागतो. डिस्टिलरीतलं स्पिरिट मिळवून घरी मिसळणं तर गुन्हाच, कारण परवान्याशिवाय त्याची वाहतूकही करता येत नाही.

जुनी टर्बो गाडी घेताना आधी एकच विचारा : रिमॅप झालाय का, आणि कोणत्या साली? उत्तर मिळालं नाही तर कंपनीचा मॅप टाकून, स्कॅन करूनच व्यवहार करा.