फ्रान्सचा लष्करी लौकिक

फ्रेंच सैन्याविषयीचा प्रचलित समज आणि त्यामागचा प्रत्यक्ष इतिहास. ‘फ्रेंच म्हणजे लढाईआधीच हात वर करणारे’ ही थट्टा मुख्यतः इंग्रजी भाषकांत रूढ आहे. २००३ मध्ये इराकवरील हल्ल्याला फ्रान्सने विरोध केला, तेव्हा अमेरिकेत तिला ऊत आला. तिचे मूळ १९४० मध्ये जर्मनीकडून सहा आठवड्यांत झालेल्या पराभवात आहे.

त्याआधी लौकिक नेमका उलटा होता. चौदाव्या लुईची फौज युरोपात सर्वांत मोठी होती. व्होबां या अभियंत्याची दुर्गरचना आणि वेढ्याचे तंत्र इतर देश गिरवत. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज शरण आले, तेव्हा वॉशिंग्टनच्या जोडीला रोशांबोचे सैन्य होते आणि समुद्रात द ग्रासचे आरमार. थट्टेखोर अमेरिकनांना याचा सोयीस्कर विसर पडतो. १७९३ च्या सक्तीच्या सैन्यभरतीने क्रांतीला मनुष्यबळ दिले. पुढे नेपोलियनने ऑस्टरलिट्झ (१८०५) आणि येना (१८०६) जिंकले; रशियाची मोहीम (१८१२) व वॉटर्लू (१८१५) यांनी त्याचा डाव संपवला. १८७० मध्ये सेदां येथे तिसरा नेपोलियन स्वतःच प्रशियनांच्या हाती सापडला. अठराव्या शतकात हिंदुस्थानातही फ्रेंच कवायतीचा दबदबा होता. पानिपतावर मराठ्यांकडून लढलेला इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी बुसीच्या फौजेत तयार झालेला होता.

पहिल्या महायुद्धात सुमारे ४ कोटी वस्तीच्या या देशाचे १३ लाखांहून अधिक सैनिक कामी आले. २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात सुमारे २७ हजार. व्हर्दनची लढाई (१९१६) दहा महिने चालली. तिथली रसद मुख्यतः बार-ल-द्यूकहून येणाऱ्या एका अरुंद रस्त्यावरून जाई. लॉरी बंद पडली की दुरुस्तीसाठी न थांबता ती ढकलून कडेला टाकत, आणि मजूर रात्रंदिवस रस्त्यावर खडी पसरत. १९१७ मध्ये अनेक तुकड्यांनी व्यर्थ हल्ले करायला नकार दिला. संरक्षणाचे खंदक मात्र सोडले नाहीत. भित्र्यांची ही रीत नव्हे.

मे १९४० मध्ये घात केला तो योजनेने. सरसेनापती गामलँ याने आपल्या उत्तम तुकड्या बेल्जियम व हॉलंडकडे धाडल्या. आर्देनच्या जंगलातून रणगाड्यांचा मोठा लोंढा इतक्या झटपट येणार नाही, असे गृहीत धरले होते. तो तिथूनच आला आणि १३ मे रोजी सेदांजवळ जर्मनांनी म्यूज नदी ओलांडली. गामलँच्या व्हँसेन येथील मुख्यालयात रेडिओ संदेशयंत्रणाच नव्हती. १६ मे रोजी पॅरिसला आलेल्या चर्चिलने राखीव फौज कुठे आहे असे विचारले, तेव्हा ती नसल्याचे उत्तर मिळाले. त्याच दिवशी स्टॉन गावात कॅप्टन बियोतचा एकच रणगाडा जर्मन रणगाड्यांच्या रांगेत घुसला, त्यांतले बरेच निकामी केले आणि अंगावर १४० गोळ्यांच्या खुणा घेऊन परतला. लीलला वेढलेल्या फ्रेंचांनी महिनाअखेरपर्यंत झुंज दिल्याने डंकर्कहून दोस्तांचे सैन्य हलवायला वेळ मिळाला. सहा आठवड्यांत ५० हजारांहून अधिक फ्रेंच सैनिक मारले गेले. १४ जूनला पॅरिस पडले. १७ जूनला युद्धबंदीची याचना करणारा पेताँ हा व्हर्दनचा नायक होता.

या काळाची खरी नामुष्की लढाईत नसून नंतरच्या, पेताँच्याच व्हिशी सरकारने जर्मनांना दिलेल्या साथीत आहे. तिकडे १९४२ मध्ये लिबियातील बीर हकीम येथे व्हिशीला न जुमानता लढणाऱ्या स्वतंत्र फ्रेंच तुकडीने जर्मन सेनापती रोमेलला दोन आठवडे थोपवले.

महायुद्धानंतर व्हिएतनाममधील दिएन बिएन फू (१९५४) येथे मोठा पराभव झाला आणि १९६२ मध्ये अल्जीरिया सोडावा लागला. १९६० मध्ये फ्रान्सने सहारात पहिली अणुचाचणी केली. ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडल्यापासून युरोपीय संघात अण्वस्त्रे असलेला तो एकमेव देश आहे.